सीताबर्डीची टेकडी : आपले कोणत्या बाजूला होते?

नाशिककरांना टेकड्यांचं कौतुक नवं नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, बाग आहे. रविवारी डबा बांधून मुलांना घेऊन जायचं ठिकाण म्हणून आपण ती टेकडी ओळखतो आणि वर कोरलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांच्या लढायांची आठवण क्वचितच कुणाला होते. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नागपूरच्या अगदी मध्यावर अशीच एक टेकडी आहे. फरक इतकाच, की तिच्यावर फिरायला वर्षातून फक्त तीन दिवस मिळतात : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. बाकीचे दिवस ती लष्कराच्या ताब्यात असते.

एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही काही शिक्षक कुटुंबं नागपुरात होतो आणि मधेच १ मे आला. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते सांगायला नको, पण सकाळीच रांग लावून आम्ही सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो. वर एक दगडी स्मारकस्तंभ आहे, इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांच्या आठवणीचा. पलीकडे एक मशीद आणि १८५७ च्या शहिदांची मजार आहे. मोठ्या माणसांनी फातिहा पढली. खाली उतरताना आमच्यातल्या सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "पण मग इथे आपले कोण होते? हे की ते?"

प्रश्न साधा होता. आम्ही चौघं शिक्षक आणि चौघांची चार उत्तरं. एक म्हणाला, भोसल्यांच्या फौजेतले अरब आपले. दुसरा म्हणाला, आपले म्हणजे कबरीतले. तिसरा म्हणाला, असं विचारायचंच नसतं. चौथा गप्पच होता. परतीच्या गाडीत हाच विषय चालला आणि नाशिकरोडला उतरेपर्यंत संपला नाही. घरी येऊन पुस्तकं काढली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत, कारण हा प्रश्न त्या एका मुलीचा नाही. आपल्या घरांतली मुलं इतिहासाचं पुस्तक वाचताना तो मनात विचारतातच, फक्त मोठ्याने बोलत नाहीत.

आधी जागा समजून घेऊ. नागपूरकर सीताबर्डीला नुसतं 'बर्डी' म्हणतात. बर्डी म्हणजे बाजार, कपडे, चपला, गर्दी. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन यादव भावांवरून 'शीतलाबद्री' आणि त्यावरून सीताबर्डी हे नाव पडलं, अशी कथा तिथे सांगतात. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की टेकडी समोरच. खरं तर त्या दोन टेकड्या आहेत. दक्षिणेची मोठी, उत्तरेची लहान, आणि दोन्हींच्या मध्ये थोडीशी सखल जागा. मोठीवर किल्ला आहे. लहानीच्या बाजूला टेकडी गणेशाचं मंदिर आहे, ज्याला सगळं नागपूर मानतं. जवळच कस्तुरचंद पार्कचं मोठं मैदान आहे. काही वर्षांपूर्वी तिथे काम चालू असताना जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या होत्या. शेजारी झिरो माइलचा दगड आहे आणि २०२१ मध्ये मेट्रोने त्याच नावाच्या स्टेशनाला लागून फ्रीडम पार्क केलं. तिथे टी-५५ रणगाडा ठेवला आहे. मुलं त्या रणगाड्यासमोर फोटो काढतात. टेकडी बंद असली तरी पार्क उघडं असतं, त्यामुळे बहुतेकांची भेट इथेच संपते. ज्या लढाईमुळे ही जागा लष्कराकडे गेली, तिची कहाणी वर टेकडीवर.

ती लढाई १८१७ ची. त्याआधीच्या वर्षी, मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले वारले. त्यांचा मुलगा परसोजी आजारी आणि अधू होता, म्हणून पुतण्या मुधोजी, ज्याला सगळे आप्पासाहेब म्हणत, कारभार बघू लागला. आपली बाजू पक्की व्हावी म्हणून आप्पासाहेबाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. म्हणजे फौज कंपनीची, खर्च नागपूरचा. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृत सापडला. संशय कोणावर गेला हे सांगायची गरज नाही. आप्पासाहेब राजा झाला आणि राजा झाल्यावर त्याला त्या कराराची किंमत कळली. इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचंही तेच दुखणं होतं. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबाने भर दरबारात पेशव्याकडून आलेली खिलत आणि सेनापती हा किताब स्वीकारला. इंग्रजांच्या रेसिडेंटला याचा अर्थ सांगावा लागला नाही.

रेसिडेंट होता रिचर्ड जेन्किन्स. त्याचा वाडा सीताबर्डीच्या पायथ्याशी, शहराच्या पश्चिमेला होता. कर्नल स्कॉटच्या हाताखालची तैनाती फौज तेलंखेडीला छावणी करून होती. २५ तारखेला ती सीताबर्डीला आणली गेली. सगळे मिळून चौदाशेच्या आत-बाहेर सैनिक : मद्रासच्या २० आणि २४ क्रमांकाच्या देशी पलटणी, बंगालच्या ६ व्या रिसाल्याच्या तीन तुकड्या आणि चार छोट्या तोफा. समोर नागपूरकरांची फौज सुमारे अठरा हजार, तोफा पस्तीस-छत्तीस. त्या अठरा हजारांत तीन-चार हजार अरब होते आणि खरी धास्ती होती ती त्यांचीच.

एक गोष्ट युद्धाच्या वर्णनांत दोन ओळींत उरकली जाते, पण आम्हाला ती सोडवत नाही. तैनाती फौजेच्या शिपायांच्या बायका आणि मुलंही तिथेच टेकडीच्या आसऱ्याला होती. छावणी हलली तशी तीही सोबत आली. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती.

२६ नोव्हेंबरची संध्याकाळ. मोहरमचा महिना चालू होता. अंधार पडायच्या सुमाराला गोळीबार सुरू झाला आणि रात्री दोनपर्यंत चालला. सगळ्यात जास्त मार बसला तो लहान टेकडीवरच्या चोवीसाव्या पलटणीच्या शिपायांना. तिथला कॅप्टन सॅडलर मारला गेला. पहाटे उजाडताच परत तोफा सुरू झाल्या. सकाळी नऊच्या सुमाराला अरब खालच्या झोपड्यांमधून एकदम उसळून वर चढले आणि त्यांनी लहान टेकडी काबीज केली. तिथली तोफ फिरवून त्यांनी मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. खाली बायकामुलांचा आकांत उठला. इंग्रजांनी लिहून ठेवलेल्या हकिकतींमध्येसुद्धा त्या आकांताची नोंद आहे. जेन्किन्सचा सहायक सदबी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. त्या घडीला कुणी पैज लावली असती तर ती नागपूरकरांवरच लावली असती.

मग दोन गोष्टी घडल्या. कॅप्टन फिट्झजेराल्ड हा बंगालच्या रिसाल्याचा अधिकारी हल्ला करू द्या म्हणून वारंवार विचारत होता आणि वरून नकार येत होता. शेवटी सगळी जबाबदारी आपल्या अंगावर घेऊन त्याने घोडे मैदानात घातले. नागपूरच्या स्वारांची फळी फुटली, दोन तोफा हाती आल्या आणि त्याच तोफा नागपूरकरांवर फिरवल्या गेल्या. टेकडीवरच्या शिपायांनी ते पाहिलं. तेवढ्यात लहान टेकडीवर अरबांच्या ताब्यातला दारूगोळ्याचा एक गाडा उडाला. धूर, गोंधळ, आणि त्या गोंधळात मोठ्या टेकडीवरचे शिपाई संगिनी रोखून धावले. लहान टेकडी परत गेली. अरबांनी पुन्हा जमायचा प्रयत्न केला, पण टेकडीला वळसा घालून आलेल्या स्वारांनी तो मोडला. दुपार होईतो लढाई संपली. अठरा तासांचा खेळ. कंपनीच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे दर चार माणसांत एक.

आता त्या मुलीचा प्रश्न. आपले कोण?

अरब आपले म्हणावेत, तर ते कोण होते ते बघा. यातले बरेचसे यमनच्या हद्रमौत भागातून पोटासाठी दख्खनमध्ये आलेले. हैदराबादच्या निजामाकडे, गायकवाडांकडे, पेशव्यांकडे, भोसल्यांकडे, जो वेळेवर पगार देईल त्याच्याकडे ते चाकरी करत. इतर शिपायांपेक्षा त्यांना पगार जास्त असे, कारण ते जागा सोडत नसत. मराठवाड्यात आणि हैदराबादेत ज्यांचं आडनाव चाऊस आहे, त्यांचे वाडवडील याच लोकांमधले. आपल्या ओळखीत एखादे चाऊस सर किंवा चाऊस डॉक्टर असतीलच. नागपुरात हे अरब एका हिंदू राजासाठी लढत होते आणि त्यांच्या तुकड्यांची सूत्रं मनभट उपाध्ये या ब्राह्मण सरदाराकडे होती. त्यांच्या शेजारी मराठे होते, हिंदुस्थानी होते. हे काही कुणी एकीचा धडा म्हणून मुद्दाम रचलेलं नव्हतं. त्या काळातली फौज अशीच असायची आणि कुणाला त्यात नवल वाटत नसे.

मग टेकडीवर होते ते परके? तेही नाही. बंगालच्या रिसाल्यात हिंदुस्थानातले मुसलमान स्वार होते. मद्रासच्या पलटणींत मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने असत. म्हणजे २६ नोव्हेंबरच्या रात्री टेकडीच्या वर आणि टेकडीच्या खाली, दोन्हीकडे अल्लाहचं नाव घेतलं गेलं असेल, आणि दोन्हीकडे देवाचंही. गोरे तिथे मोजके होते, बहुतेक अधिकारी. मरणारे दोन्ही बाजूंचे इथलेच किंवा इथे पोटाला आलेले.

त्या चोवीसाव्या पलटणीची गोष्ट तर चक्रावून टाकणारी आहे. ही पलटण पूर्वी मद्रासची पहिली पलटण होती. १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला, १८५७ च्या एकावन्न वर्षं आधी. नवी टोपी, दाढी आणि कपाळावरच्या गंधावर आलेली बंदी हे तात्कालिक कारण. हिंदू आणि मुसलमान शिपाई त्यात एकत्र होते. टिपू सुलतानचे शहजादे तेव्हा त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते आणि उठाववाल्यांनी टिपूच्या घराण्याचं नाव पुढे केलं. उठाव काही तासांत चिरडला गेला. शहजाद्यांना कलकत्त्याला हलवलं गेलं. उठावात सामील झालेल्या पलटणींची नावं यादीतून खोडली गेली आणि त्यातल्या पहिल्या पलटणीच्या जागी चोवीसावी हा नवा, मागचा क्रमांक आला. अकरा वर्षांनी हीच पलटण सीताबर्डीच्या लहान टेकडीवर मेली-मारली, आणि जिंकल्यावर शिपायांनी मागितलं काय? आमचा जुना क्रमांक परत द्या. कंपनीने तो दिला.

आम्ही वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली. वेल्लोरला बंड करणारी पलटण आणि सीताबर्डीला इंग्रजांसाठी मरणारी पलटण एकच. त्यांना शहीद म्हणायचं की गद्दार? एका मुलाने हात वर करून म्हटलं, "सर, त्यांना नोकरी होती." आम्हाला वाटतं, इतिहासाच्या जाड पुस्तकांपेक्षा हे उत्तर फार वाईट नाही.

लढाईनंतरचं थोडक्यात. डिसेंबरच्या १२ तारखेला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन पोहोचला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेन्सीत येऊन स्वाधीन झाला, पण त्याच्या फौजेने तोफा द्यायला नकार दिला. सक्करदऱ्याला लढाई झाली, फौज हटली. तरी अरब आणि हिंदुस्थानी शिपाई मिळून काही हजार लोक शहराच्या तटाआड घुसले आणि राजा शरण गेल्यावरही त्यांनी शहर सोडलं नाही. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला आणि तो फसला. महालातला आजचा गांधी गेट तो हाच दरवाजा. शेवटी ३० डिसेंबरला कुटुंबकबिला आणि सामानासह सुखरूप जाऊ द्यायच्या अटीवर अरब बाहेर पडले. आप्पासाहेबाची गोष्ट पुढे बरीच लांबते. पुढच्या मे महिन्यात कैदेत नेताना तो शिपायाच्या वेशात निसटला, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आणि अरबांच्या मदतीने लढला आणि अखेर १८४० मध्ये जोधपूरला वारला.

इथून ही गोष्ट आपल्या नाशिक जिल्ह्यात येते. खानदेशात अरबांच्या तुकड्या बऱ्याच वर्षांपासून होत्या आणि १८१८ च्या मे महिन्यात कर्नल मॅकडॉवेलची फौज त्यांच्या मागे मालेगावला आली. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० मध्ये बांधलेला मोसमकाठचा किल्ला अरबांच्या हातात होता. वेढा जवळपास महिनाभर चालला. इंग्रजांकडचे दोनशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. जूनच्या ११ तारखेला तोफगोळ्यांनी किल्ल्यातली दारूची कोठी उडाली आणि तटाला खिंडार पडलं. इथेही पारूड फिरवलं ते एका स्फोटानेच, सीताबर्डीसारखं. १४ जूनला अरब किल्ल्याबाहेर आले. मालेगावची माणसं रोज त्या किल्ल्याशेजारून जातात. तिथे शाळाही भरते. मुशावरत चौक, मोसम पूल, किल्ला, हे सगळं आपल्या ओळखीचं. पण तिथे कोण आणि का लढलं हे किती जणांना ठाऊक आहे? आम्ही स्वतः नागपूरला जाऊन आल्यावर मालेगावचं पान उघडलं, हे कबूल केलं पाहिजे.

परत टेकडीवर येऊ. जिंकल्यावर इंग्रजांनी सगळ्यात आधी काय केलं, तर ती जागा करारात लिहून घेतली आणि तटबंदी उभी केली. आज जो किल्ला दिसतो तो भोसल्यांचा नाही. लढाई झाली तेव्हा टेकडीवर किल्ला नव्हताच, तो नंतर आला. पुष्कळ लोक, अगदी नागपूरचेसुद्धा, हा भोसल्यांचा किल्ला समजतात. शहराकडे तोंड करून बांधलेला हा किल्ला बाहेरच्या शत्रूसाठी नव्हता. तो शहरावर नजर ठेवायला होता. आपल्या मेलेल्यांसाठी त्यांनी स्तंभ उभारला, थडगी बांधली. समोरच्या बाजूने जे पडले, ते अरब, मराठे, हिंदुस्थानी, त्यांच्यासाठी टेकडीवर ओळभरही मजकूर नाही. जिंकणारा आपलेच मोजतो, हे सगळीकडे चालत आलं आहे. पण ती मोजणीसुद्धा अपुरी असते : ३६७ हा आकडा आपल्याला मिळतो, त्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं मिळतात, शिपायांची नावं शोधत बसावं लागतं.

मग १८५७. नागपूरचं राज्य तोवर गेलं होतं. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारसाशिवाय वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. मेरठचा उठाव १० मे १८५७ चा, रमजानच्या महिन्यातला. नागपूरच्या टाकळी छावणीत कंपनीचा एक अनियमित रिसाला होता, त्यात बरेच स्वार मुसलमान. शहरातल्या काही लोकांशी त्यांचं संधान जुळलं. १३ जूनची रात्र ठरली. ईद होऊन तीनच आठवडे झाले होते. आकाशात कागदी आगफुगे सोडायचे, ते दिसले की उठायचं, असा इशारा होता. पण पायदळाला सामील करून घ्यायला गेलेला स्वारांचा माणूस पकडला गेला आणि बेत आधीच फुटला. ते पायदळ मद्रासचं होतं, कंपनीच्या बाजूने राहिलेलं. भोसल्यांच्या घरातून साथ मिळेल ही आशाही फोल ठरली. दुसऱ्या रघूजींच्या विधवा बांकाबाई यांनी आपल्या माणसांना यात पडू दिलं नाही. शहरातले गोरे त्या रात्री कुठे जमले, तर सीताबर्डीच्या टेकडीवर. किल्ला ज्या कामासाठी बांधला होता, त्या कामाला चाळीस वर्षांनी आला.

पकडलेल्यांना याच किल्ल्याच्या तटावर फाशी दिलं गेलं. नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथी. तटावर अशासाठी, की खालच्या शहराला दिसावं. जिथे फाशी झाली तिथे आता मशीद आहे आणि नऊ जण तिथेच दफन आहेत. या मजारीची देखभाल आज लष्कराचे जवान करतात. किल्ला प्रादेशिक सेनेच्या ग्रेनेडियर्सच्या ११८ व्या बटालियनकडे आहे.

कादर अली हे टिपू सुलतानचे नातू होते, अशी नागपूरची परंपरा आहे. किल्ल्याची ओळख करून देतानाही हेच सांगितलं जातं. आम्ही हे मुलांना परंपरा म्हणूनच सांगतो. वर म्हटल्याप्रमाणे वेल्लोरनंतर टिपूचं घराणं कलकत्त्याला होतं, म्हणून नात्याची गोष्ट जपून सांगावी. यावर एका मित्राने रागाने विचारलं, "तुम्ही आपल्याच शहिदांचा मोठेपणा कमी करता का?" आम्हाला तसं वाटत नाही. फासावर चढलेला माणूस कुणाचा नातू होता यावरून त्याची किंमत ठरत नाही. उलट मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजांमध्ये सन चुकलेलं, नाव चुकलेलं, फोटो भलत्याच मजारीचा, असं सगळं असतं. समोरच्याने त्यातली एक चूक पकडली की तो संपूर्ण घटनाच खोटी ठरवून मोकळा होतो. १३ जूनचा बेत खरा आहे, फाशी खरी आहे, कबरी खऱ्या आहेत. एवढं भक्कम असताना त्यावर काही चढवायची गरज कशाला?

आणखी एक गोष्ट मुद्दाम नोंदवायची आहे, कारण ती शाळेच्या पुस्तकात नसते. इंग्रजांच्या काळात पलटणींना मोठ्या विजयाचा मान म्हणून त्या लढाईचं नाव निशाणावर मिरवता येई. 'सीताबर्डी' हाही असा एक मान होता. स्वतंत्र भारताच्या सेनेने, देशातल्याच लोकांना गुलाम करणाऱ्या लढायांचे मान बाजूला ठेवले. खडकी, कोरेगाव, महिदपूर, नागपूर आणि सीताबर्डी ही त्यातली काही नावं. म्हणजे आज जी सेना ती टेकडी राखते, ती तिथला १८१७ चा विजय आपला म्हणून मिरवत नाही. पण तिथला स्तंभही तिने पाडलेला नाही आणि मजारीवर झाडू मारायलाही ती चुकत नाही. आमच्या गटातल्या चौथ्या शिक्षकाने, जो तेव्हा गप्प होता, हे वाचल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "माझं उत्तर हेच होतं, मला नीट सांगता येत नव्हतं."

त्या मुलीला आम्ही काय सांगितलं? आम्ही तिला वहीत दोन टेकड्या काढायला लावल्या. मोठीवर लिहिलं : मद्रासचे शिपाई, बंगालचे स्वार, त्यांची बायकामुलं, मूठभर गोरे. खालच्या सपाटीवर लिहिलं : अरब, मराठे, हिंदुस्थानी. मग तटावर नऊ रेघा. मग तिला म्हटलं, आता तू आपले कोण ते ठरव. तिने बराच वेळ लावला आणि बायकामुलांच्या भोवती पेन्सिलने गोल काढला. आम्ही त्यावर काही बोललो नाही. अजूनही ती वही आमच्याकडे आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी : नाशिकरोडहून सेवाग्राम एक्सप्रेस थेट नागपूरला जाते, एका रात्रीचा प्रवास आहे. टेकडी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उघडण्याचे तीन दिवस वर दिलेच आहेत. १ मे टाळता आला तर टाळा, २६ जानेवारीला हवा छान असते. ओळखपत्र सोबत ठेवा, सकाळी लवकर जा, आणि लष्करी जागा आहे हे लक्षात ठेवून जवान सांगतील तिथेच थांबा. वर गेल्यावर आधी पूर्वेला बघा, जुनं शहर आणि महाल त्या बाजूला आहे. मग उत्तरेला वळा. लहान टेकडी किती जवळ आहे ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी.